भरतीच्या पाण्यावरचे जाते

मंडळी, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अजून जाते असेल. रोज फिरणारे नसेल. परसात पालथे पडलेले असेल, नाहीतर उंबऱ्याबाहेर पायरीसारखे बसवलेले असेल. माझ्या आजोळी असेच एक आहे. दगड अगदी शाबूत आहे. पण उद्या त्यावर शेरभर ज्वारी दळा म्हटले, तर दळता यायची नाही. खुंटा कधीच गेला, टाकी लावून किती वर्षे झाली ते कुणाला सांगता येत नाही, आणि वैरण किती घालायची हे हाताला ठाऊक असलेली आजी तर नाहीच. वस्तू राहिली, काम गेले. आज ज्या गिरणीची हकीकत सांगणार आहे, तिच्यावर हाच प्रसंग आला होता. तो कसा आला आणि कसा टळला, एवढेच सांगायचे आहे.

पाण्यावर चालणारी चक्की म्हटली की शिक्षकबंधूंना औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की आठवेल. मुलांची सहल घेऊन तुम्ही तिथे गेला असाल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ती चक्की. दुरून खापराच्या नळांतून आणलेल्या पाण्याच्या जोरावर तिथे फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी धान्य दळले जाई. ते पाणी उंचावरून येणारे. आपली आजची गिरणी इंग्लंडातली आहे आणि तिला वरून येणारे पाणी नाही. तिला पाणी देतो समुद्र. तेही दिवसातून दोनदा, आणि स्वतःच्या सोयीने!

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर सफोक नावाचा परगणा आहे. तिथे डेबेन नदीच्या खाडीकाठी वुडब्रिज हे गाव वसले आहे. धक्क्यावर उभे राहिले की पांढऱ्या फळ्यांनी मढवलेली एक उंच लाकडी इमारत नजरेत भरते. हीच ती गिरणी. आजची इमारत १७९३ सालची. पण जागा त्याहून किती जुनी! ११७० सालची इथल्या गिरणीची नोंद सापडते. म्हणजे भिल्लम यादवाने देवगिरीला राजधानी केली, त्याच्याही आधीची गोष्ट. मध्ययुगात ही गिरणी तिथल्या ऑगस्टिनियन पंथाच्या मठाकडे होती. १५३६ च्या सुमारास आठव्या हेन्री राजाने मठ मोडीत काढले, तशी ती राजाच्या पदरी पडली. पुढे त्याची मुलगी एलिझाबेथ हिने ती टॉमस सेकफर्ड या आपल्या दरबारातल्या कायदेपंडिताला दिली. याच सेकफर्डने १५८७ साली गावातल्या निराधार वृद्धांसाठी धर्मशाळा घालून दिली. गावात त्याचे नाव आजही आहे. त्याच्या घराण्याकडे गिरणी शंभरावर वर्षे राहिली. नंतर धनी बदलत गेले. ती नावे सांगून तुम्हाला कंटाळा आणीत नाही.

आता हे यंत्र चालते कसे, ते पाहू. कोकणातल्या वाचकांना हे चटकन कळेल. खारजमिनीच्या बांधाला उघाडी असते ना? भरती आली की ती मिटते, खारे पाणी शेतात येऊ देत नाही. ओहोटी लागली की उघडते आणि पावसाचे पाणी बाहेर सोडते. वुडब्रिजला नेमके उलट. तिथे गिरणीमागे बांध घालून सात एकरांचे तळे केलेले होते. भरतीचे पाणी झडपांना रेटा देऊन आत शिरे. ओहोटी लागली की आत साठलेले पाणीच आपल्या भाराने झडपा मिटून घेई. तळे तुडुंब, आणि बाहेर खाडी हळूहळू खाली चाललेली. चाकाखालचे पाणी उतरेपर्यंत गिरणीवाला वाट पाही. मग तो मोरीचे दार वर उचली, तळ्यातले पाणी चाकावर येई आणि चाक फिरू लागे. ओहोटीच्या मागचेपुढचे मिळून चारएक तास दळण चाले. मग पुन्हा भरती येई, चाक पाण्यात अडे, काम थांबे.

बरे, हे चार तास कोणते? समुद्राची भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. आज सकाळी आठला दळण सुरू झाले, तर उद्या नऊला दहा कमी, आणि आठवड्याने भर दुपारी. दुसरी पाळी तेव्हा मध्यरात्रीनंतर! पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला तळे काठोकाठ भरे. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी आले की कामही बेताचे होई. म्हणजे या गिरणीवाल्याचा धनी कुणी शेठ किंवा सरदार नव्हता, चंद्र होता म्हणा ना. घड्याळावर चालणाऱ्या आपल्यासारख्यांना हे विचित्र वाटेल. मासेमारी करणाऱ्यांना नाही वाटणार.

आतली रचना म्हणजे मोठे केलेले जातेच. खालची तळी स्थिर, वरची फिरती. फरक एवढाच की खुंट्याला धरणारा हात नाही. पाण्याच्या उभ्या चाकाची गती दातेरी चाकांच्या साखळीतून आडव्या दगडापर्यंत नेलेली असते. या चाकांत एक मौज आहे. अशा गिरण्यांत लोखंडी दात्यांशी लोखंडी दाते सहसा भिडवीत नाहीत. एका चाकाला लाकडाचे दाते बसवतात. आवाज कमी होतो, ठिणगी उडत नाही (पिठाची धूळ पेट घेते, हे विसरू नका), आणि काही अडकलेच तर लाकडाचा एखादा दाता मोडतो, सगळे यंत्र मोडत नाही. पोती वर चढवण्याचे कामही चाकच करते. धान्य माथ्यावरून घसरत खाली येते, एक लहानसे हलते पन्हळ ते थोडे थोडे दगडाच्या तोंडात सोडते. म्हणजे वैरणसुद्धा आपोआप. गिरणीवाल्याने काय करायचे? खाली येणारे पीठ अंगठा आणि बोट यांत चोळून पाहायचे. जाडे लागले तर वरचा दगड केसभर खाली घ्यायचा. गरम लागले तर केसभर उचलायचा. आणि दगड बोथटले की उचलून, पालथे करून, त्यांना टाकी लावायची. आपल्या गावात टाकी लावणारा येई तसाच हा प्रकार. हत्यारही बरेचसे तसेच.

मग अशा गिरण्या गेल्या कशा? १०८६ साली इंग्लंडच्या राजाने जी मोठी मोजणी करवली, तीत सुमारे सहा हजार गिरण्या नोंदल्या आहेत. तितक्या जुन्या काळी बहुतेक साऱ्या पाण्यावरच्याच. त्यांना पहिला धक्का वाफेने दिला. पण खरा घाव घातला तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोलादी रुळांच्या गिरण्यांनी. दगडाऐवजी रूळ, आणि नदीकाठाऐवजी बंदर. परदेशचा गहू बोटीतून उतरे आणि धक्क्यावरच्या प्रचंड गिरणीत पांढराशुभ्र मैदा होऊन बाहेर पडे. हा गहू अमेरिकेचा होता, रशियाचा होता, आणि सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाल्यावर मुंबई नि कराची बंदरांतून गेलेला आपलाही होता. सफोकच्या गावगिरणीच्या पोटावर पाय आणणाऱ्या पोत्यांत काही पोती इकडची होती, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात दोन वेगळ्या धड्यांत विखुरलेली असते. वर्गात शिकवताना ती जोडून दाखवावी.

वुडब्रिजची गिरणी तरीही तगली. आजूबाजूच्या बंद पडत गेल्या, ही चालत राहिली. ब्रिटनमध्ये भरतीच्या पाण्यावर व्यापारी दळण करणारी शेवटची गिरणी ती हीच. १९५७ साली तिच्या चाकाचा ओक लाकडाचा जाड आस मोडला. नवा बसवण्याइतके उत्पन्न नव्हते. गिरणी थांबली. थांबलेली लाकडी इमारत, त्यात पाण्याकाठची. ती किती वेगाने कुजते हे सांगायला नको. ज्या तळ्यावर सगळे चालत होते, त्या सात एकरांचे शिडाच्या होड्यांसाठी बंदर झाले. होड्यांना भाडे मिळते. तळ्यातल्या पाण्याला कोण भाडे देणार?

१९६८ साली एका बाईंनी ही मोडकळीला आलेली गिरणी विकत घेतली आणि दुरुस्तीला प्रारंभ झाला. १९७३ साली ती लोकांना पाहण्यासाठी खुली झाली. गेलेले तळे परत मिळणे शक्य नव्हते, म्हणून चाक फिरवून दाखवण्यापुरते अर्ध्या एकराचे नवे तळे केले. म्हणजे वीस गुंठे! इमारत वाचली. पण पीठ? पीठ पडत नव्हते. माझ्या आजोळच्या जात्याचीच गत. फरक एवढाच की हे जाते पाहायला तिकीट होते.

इथे ती माणसे थांबली असती तरी कुणी नाव ठेवले नसते. आज या गिरणीचा कारभार एका धर्मादाय विश्वस्त संस्थेकडे आहे. आपल्याकडे १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक विश्वस्त संस्था नोंदवतात, साधारण तशातला प्रकार. तिथले काम स्वयंसेवक करतात. आल्यागेल्याला माहिती सांगणे, झाडलोट, यंत्राची देखभाल, आणि दळणसुद्धा. या संस्थेने २०११ साली पुन्हा मोठे काम हाती घेतले. नवे चाक बसवले, यंत्राची सगळी साखळी चालती केली. २०१२ साली गिरणी पुन्हा उघडली ती पीठ दळणारी म्हणून. दक्षिण किनाऱ्यावर ईलिंग येथे भरतीची एक गिरणी आधीपासून दळत होती. ही देशातली दुसरी. कोंड्यासकट गव्हाचे पीठ तिथे दळून विकू लागले. अर्धशतकाहून अधिक खंड पडल्यावर!

यावर एक विद्यार्थी मला म्हणाला, "सर, चाक नवं, आस नवा, तळंही नवं. मग ती जुनी गिरणी कुठली?" प्रश्न चांगला आहे, मी त्याला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. आता असे वाटते की, नांगराचा फाळ झिजला म्हणून बदलला, तर शेतकरी त्याला नवा नांगर म्हणत नाही. या जागेवरची आजची इमारत बहुधा तिसरी आहे, आणि चाके तर किती बदलली असतील! पाण्यात फिरणारे लाकूड बदलत राहणे हा गिरणीचा रोजचा धर्मच होता. दळणे थांबले तेव्हाच ती खऱ्या अर्थाने जुनी झाली. अर्थात सगळ्यांना हे पटणार नाही. विल्यम मॉरिसने १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी जी संस्था काढली, तिचा कटाक्ष जुने शक्य तितके तसेच राखण्यावर, नव्याने जुने घडवू नये यावर होता. त्याच संस्थेने १९३१ साली पवनचक्क्यांसाठी आणि पुढे पाणचक्क्यांसाठीही वेगळी शाखा चालवली. तेव्हा चक्की फिरवायची तर लाकूड बदलायला हवे, हे तिच्या मंडळींनाही कुठेतरी मान्य करावे लागलेच असणार.

पैशाच्या हिशेबाने पाहिले तर हा उद्योग आतबट्ट्याचाच. वीस गुंठ्यांच्या तळ्यात दळून दळून किती दळणार? पण दगड किती उचलायचा, टाकी कुठे लावायची, पाणी कोणत्या घटकेला सोडायचे, हे कागदावर लिहून येत नाही. ते करणाऱ्याच्या शेजारी उभे राहूनच शिकावे लागते. म्हणून तिथे चाक फिरत ठेवतात. कोणत्या दिवशी किती वाजता फिरणार, हे आधी जाहीर करतात. पाहायला येणाऱ्यांना त्यामुळे कधी सकाळी लवकर यावे लागते, कधी दुपारी उन्हातान्हाचे. वेळ बदलून मागायची सोय नाही. भरती ओसरेपर्यंत स्वयंसेवक आणि पाहुणे तळ्याच्या काठी बरोबरच थांबतात.