दालच्याच्या पातेल्यातला इतिहास

इतिहास किल्ल्यात आणि दफ्तरखान्यात शोधायची आपल्याला सवय आहे. मी तो आज सोलापूरच्या चुलीवर शोधतोय.

हुसेन निजामशहाने मुलगी चांदबीबीच्या लग्नात सोलापूरचा किल्ला अली आदिलशहाला आंदण दिला, हे आपण पाठ केलेलं असतं. या शाह्यांच्या सावलीत जी दख्खनी वस्ती वाढली, ती काय शिजवत होती, हे मात्र पुस्तकात येत नाही. पुढे 1877 साली इथे पहिली कापड गिरणी निघाली. पद्मशाली, मोमीन, दलित, मराठा असे सगळे मागावर आणि साच्यावर आले. कष्टाच्या शरीराला ताकद हवी होती आणि पगार तुटपुंजा. मुस्लिम घरांत त्यावरचा तोडगा म्हणजे मोठ्याच्या मांसाचा दालचा.

आमच्या घरची रीत सांगतो. अर्धा किलो नळीचं मांस, हाडासकट. कांदा लाल करून त्यात आलं-लसूण, हळद, काळं तिखट घालायचं, मांस परतायचं आणि भरपूर पाण्यात मंद आचेवर अडीच-तीन तास ठेवायचं. पाव किलो हरभऱ्याची डाळ वेगळी शिजवून घोटायची. डाळ आणि दुधीच्या फोडी मांसात सोडायच्या. चिंचेचा कोळ शेवटी. आधी घातला तर दुधी लवकर मऊ होत नाही. वरून कढीपत्ता आणि सुक्या मिरचीचा बघार.

नळीचं मांस चिवट, म्हणून स्वस्त. पण त्यातलं कोलॅजन संथ आचेवर विरघळतं आणि रस्सा दाट होतो. मांसामुळे डाळीतलं, ज्वारीतलं लोहही अंगाला जास्त लागतं. चौघांपुरतं मांस डाळ-दुधीमुळे आठजणांना पुरतं. आमच्या आजी-नानींनी हे गणित शाळेत न जाता सोडवलं होतं.

हे अन्न एकट्या मुसलमानांचं नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ वाचा. मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांची चूल त्यात दिसते. सर्वोच्च न्यायालयानेही 1958 च्या कुरेशी खटल्यात हे गरिबांचं अन्न असल्याची दखल घेतली होती. गाय-वासरांवरची बंदी न्यायालयाने तेव्हा मान्य केली, पण निकामी झालेल्या बैलांवरची सरसकट बंदी नाकारली. 2005 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने ती भूमिका फिरवली.

महाराष्ट्रात गोहत्याबंदीचा कायदा 1976 चा. विधिमंडळाने 1995 मध्ये मंजूर केलेली दुरुस्ती मार्च 2015 मध्ये लागू झाली आणि बैल-वळूही त्यात आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. म्हातारा बैल विकून नवी जोडी घेणाऱ्या शेतकऱ्याचा व्यवहारही तिथेच अडला.

आज आमच्या पातेल्यात असतं ते म्हशी-रेड्याचं, आणि कायद्यात त्याला जागा आहे. पण रस्त्यात पिशवी उघडायला लावणारा कायदा वाचून आलेला नसतो आणि मांसाच्या तुकड्यावर जनावराचं नाव लिहिलेलं नसतं. म्हणून पावती पाकिटात जपून ठेवावी लागते.

चांदबीबीच्या आंदणाची तारीख परीक्षेत विचारतात. गिरणीवर घाम गाळणाऱ्यांनी काय खाऊन हे शहर उभं केलं, हा प्रश्नही इतिहासाचाच आहे. तो आपल्याच चुलीपाशी बसून लिहावा लागेल, आणि सांगणाऱ्या नानी-दादी आहेत तोवरच लिहावा लागेल.