एचआयव्ही असताना आई होता येतं का?

आमच्या फुलसावंगीच्या भागात हा प्रश्न सरळ विचारला जात नाही. बाई अशक्तपणाची तक्रार घेऊन येते. सोबतची नणंद किंवा सासू औषध आणायला बाहेर गेली की हळूच म्हणते, "डॉक्टर, माझ्यासारखीला लेकरू होऊ शकतं का?"

हो, होऊ शकतं. एआरटीच्या गोळ्या रोज घेतल्या आणि रक्तातला विषाणू दबलेला असला, तर बाळ निरोगी जन्मण्याची शक्यता फार मोठी असते.

पूर्वी डॉक्टर "मूल नकोच" असं सांगत, तेव्हा त्यामागे कारण होतं, कारण औषधच हाती नव्हतं. सरकारी केंद्रांत मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. आज मात्र तो सल्ला कालबाह्य आहे. तरी काही जणींना अजूनही तो ऐकावा लागतो, कधी घरी, कधी दवाखान्यातच. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ मध्ये झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. गरोदर स्त्रीच्या समजून दिलेल्या संमतीशिवाय तिचा गर्भपात किंवा नसबंदी करता येत नाही, हे त्यात स्पष्ट आहे. मूल हवं की नको, हे तुम्ही ठरवायचं. डॉक्टरचं काम मार्ग सुरक्षित करण्याचं.

धोका किती?

काहीच उपचार नसतील तर गर्भात, बाळंतपणात आणि अंगावरच्या दुधातून मिळून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. म्हणजे तेव्हाही अनेक बाळं वाचतात; पण हा जुगार खेळायचं कारण नाही. आईचा उपचार नीट चालू असेल तर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली येतं, आणि गर्भ राहण्याआधीपासून व्हायरल लोड दबलेला असेल तर आणखी कमी होतं.

दिवस राहण्याआधी

घाई करू नका. गोळ्या नव्याने सुरू झाल्या असतील तर साधारण सहा महिने जाऊ द्या आणि व्हायरल लोड तपासा. सरकारी कार्यक्रमात १००० च्या खाली आला की तो दबलेला मानतात, पण कंडोमशिवाय संबंध ठेवायचे असतील तर तो 'आढळला नाही' इतका खाली असणं चांगलं. तेवढा खाली टिकून असेल तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

याच वेळी क्षयरोग, सिफिलिस, कावीळ बी आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्या विदर्भात सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे. नवरा-बायको दोघांचीही ती तपासणी करा. एचआयव्हीच्या काळजीत ही साधी गोष्ट राहून जाते. फॉलिक अॅसिडची गोळी आधीपासूनच सुरू करावी.

नवरा निगेटिव्ह असेल आणि तुमचा व्हायरल लोड अजून वर असेल, तर थांबणं उत्तम. थांबायचं नसेल तर पाळीच्या मधल्या दिवसांत सुई नसलेल्या सिरिंजने वीर्य योनीत सोडता येतं, त्यात नवऱ्याला धोका राहत नाही. पद्धत समुपदेशकाकडून समजून घ्या. फक्त नवराच पॉझिटिव्ह असेल, तर आधी त्याचा व्हायरल लोड दबलेला हवा.

दिवस राहिल्यावर

सर्वांत मोठी चूक इथे होते. "बाळाला गरम पडतील" म्हणून बायका गोळ्या थांबवतात. थांबवू नका. सध्याच्या एकत्रित गोळीतलं डोलुटेग्रॅविर बाळाला बाधेल अशी शंका २०१८ मध्ये निघाली होती. पुढे जास्त माहिती जमल्यावर ती टिकली नाही.

मात्र एक काळजी घ्या. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी सोबत घेतल्या तर डोलुटेग्रॅविर अंगी लागत नाही. जेवणासोबत घ्या, किंवा एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी घ्या. गरोदरपणात या तिन्ही गोळ्या चालू असतात, आणि हे सांगायचं बऱ्याचदा राहतं.

३२ ते ३६ आठवड्यांत पुन्हा व्हायरल लोड होतो. बाळाचं औषध त्यावर ठरतं, म्हणून तो चुकवू नका. फक्त एचआयव्ही आहे म्हणून सिझेरियन लागत नाही.

बाळ झाल्यावर

बाळाला जन्मताच नेव्हिरापिनचं सिरप सुरू होतं, साधारणपणे सहा आठवडे. सहा आठवडे सिरप देऊन काय फरक पडतो, हे ज्या अभ्यासात तपासलं गेलं, त्यात पुण्याचं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयही होतं. निष्कर्ष २००८ मध्ये आले. आईचा व्हायरल लोड १००० किंवा जास्त असेल तर दोन औषधं देतात, आणि बाळ अंगावर पीत असेल तर बारा आठवडे.

पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्या. गुटी, मध, पाणी, गाईचं दूध, काही नको. वरचं आणि अंगावरचं दोन्ही चालू ठेवल्याने बाळाच्या आतड्याला इजा होऊन धोका वाढतो. घरात म्हातारी माणसं गुटीचा आग्रह धरतात, आणि कारण सांगता येत नाही. तेव्हा "डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे" असं बेलाशक माझ्यासारख्यावर ढकला. तुमचा आजार तुमच्या संमतीशिवाय सासरी सांगण्याचा हक्क डॉक्टरला किंवा नर्सला नाही.

बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात, टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवर होते. नंतर सहा आणि बारा महिन्यांनी. नेहमीची साधी अँटीबॉडी चाचणी मात्र अठरा महिन्यांआधी फसवते, कारण आईच्या अँटीबॉडी बाळाच्या रक्तात तोवर राहू शकतात. नऊ महिन्यांच्या बाळाचा खासगी लॅबमधला 'पॉझिटिव्ह' कागद पाहून घर हादरलेलं मी पाहिलं आहे. पुढच्या तपासण्यांत ते बाळ निगेटिव्ह निघालं. पक्का निकाल अठराव्या महिन्यात, आणि दूध तेव्हा नुकतंच सोडवलं असेल तर त्यानंतर काही आठवड्यांनी पुन्हा.

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एआरटी केंद्र आहे. नाव न सांगता विचारायचं असेल तर १०९७ हा क्रमांक मोफत आहे.