हॅकिंग, इअन
(१८ फेब्रुवारी १९३६–१० मे २०२३). कॅनेडियन तत्त्वज्ञ. विज्ञानाचे तत्त्वज्ञान, संभाव्यतेच्या कल्पनेचा इतिहास आणि माणसांचे शास्त्रीय वर्गीकरण हे त्यांच्या अभ्यासाचे मुख्य विषय. जन्म व्हँकूव्हर येथे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून गणित व भौतिकी घेऊन ते १९५६ मध्ये पदवीधर झाले. पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला आणि काझिमिर लेवी यांच्या मार्गदर्शनाखाली १९६२ मध्ये पीएच्.डी. मिळवली. ब्रिटिश कोलंबिया, युगांडातील मकेरेरे, केंब्रिज आणि स्टॅनफर्ड येथे अध्यापन करून १९८३ पासून ते टोरांटो विद्यापीठात स्थिरावले. पॅरिसच्या कोलेज द फ्रान्समध्ये ‘वैज्ञानिक संकल्पनांचे तत्त्वज्ञान व इतिहास’ हे अध्यासन २००६ पर्यंत त्यांच्याकडे होते. या संस्थेच्या कायम अध्यासनावर निवडून आलेले ते पहिले इंग्रजीभाषक समजले जातात.

विषयांची ही यादी पाहून हॅकिंग सारखे क्षेत्र बदलत राहिले असे वाटते. त्यांचा प्रश्न मात्र बहुधा एकच असे : एखादी गोष्ट विचारात घेण्याजोगी कधी झाली, आणि तोवर लोक काय करत होते? ‘लॉजिक ऑफ स्टॅटिस्टिकल इन्फरन्स’ (१९६५) या पहिल्या ग्रंथात त्यांनी संख्याशास्त्रीय अनुमानाची तार्किक बाजू तपासली. दहा वर्षांनी आलेल्या ‘द इमर्जन्स ऑफ प्रॉबॅबिलिटी’ने ते सर्वत्र माहीत झाले. जुगार हजारो वर्षे चालत असूनही संभाव्यतेचे गणित १६६० च्या आसपास, पास्कल, हायगेन्स, लायब्निझ यांच्या काळातच का उभे राहिले, हा त्यातला प्रश्न. फाशांची प्रमाणे मोजणे आणि पुराव्याचे वजन ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी तेव्हा एका कल्पनेत येऊन मिळाल्या, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मराठी वाचकाच्या ओळखीचा एक प्रसंगही या पुस्तकात येतो, तो महाभारतातील नलोपाख्यानाचा. ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाकडे पाहून फांद्यांवरील फळांचा आकडा सांगतो, नळ मोजून पाहतो आणि तो बरोबर निघतो. हीच विद्या फाशांच्या खेळातही चालते, असे राजा सांगतो. नमुन्यावरून अंदाज बांधणे आणि द्यूत यांचा संबंध इतक्या जुन्या कथेत आला आहे, याची हॅकिंग आवर्जून दखल घेतात. त्यांच्या कालनिश्चितीला ही कथा थोडी अडचणीचीच आहे.

‘रिप्रेझेंटिंग अँड इंटरव्हीनिंग’ (१९८३) हा त्यांचा सर्वाधिक वाचला गेलेला ग्रंथ. इलेक्ट्रॉनसारख्या न दिसणाऱ्या वस्तू खरोखर असतात की त्या हिशेबाच्या सोयीसाठी मानायच्या, हा वाद तोवर सिद्धांतांच्या अंगाने चालत असे. हॅकिंग यांनी तो प्रयोगशाळेत नेला. स्टॅनफर्डमध्ये नायोबियमची एक बारीक गोळी अतिशीत अवस्थेत चुंबकीय क्षेत्रात तरंगत ठेवून तिच्यावर विद्युतभाराचा अपूर्णांक सापडतो का, हे तपासले जात होते. गोळीवरचा भार कमीजास्त कसा करता, असे विचारल्यावर वाढवायचा असेल तर पॉझिट्रॉन फवारायचे आणि घटवायचा असेल तर इलेक्ट्रॉन, असे त्यांना सांगण्यात आले. ज्याचा फवारा मारून दुसऱ्या कशात तरी बदल घडवता येतो ते खरेच असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अपूर्णांकी भार सापडल्याचा त्या प्रयोगाचा दावा पुढे टिकला नाही. पण हॅकिंग यांचा मुद्दा गोळीवर काय सापडले यावर उभाच नव्हता. तो भार शोधताना इलेक्ट्रॉन हत्यारासारखे वापरले जात होते, एवढे त्यांना पुरेसे होते.

याच ग्रंथातील सूक्ष्मदर्शकावरचे प्रकरण मला याहून सरस वाटते. रक्तातील प्लेटलेटमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काही गडद ठिपके दिसतात. ते खरोखर तिथे असतात की उपकरणामुळे उमटतात? खुणा केलेल्या चौकटींच्या जाळीवर तोच नमुना ठेवून प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाने पुन्हा पाहतात. या दोन उपकरणांमागचे भौतिकीचे नियम पार वेगळे आहेत. तरीही त्याच चौकटीत त्याच जागी ठिपके दिसले, तर दोन्ही उपकरणांनी एकच चूक केली असे मानणे कठीण होते. इथे कोणत्याही मोठ्या सिद्धांताची साक्ष काढावी लागत नाही.

यावर आक्षेप आलेच. इलेक्ट्रॉन फवारण्यासाठीही त्यांच्याविषयीचा सिद्धांत लागतोच, हा त्यातला मुख्य. दुसरी अडचण खगोलशास्त्राची : दूरच्या दीर्घिकांना कोण हात लावणार? हॅकिंग यांनी इथे माघार घेतली नाही. गुरुत्वीय भिंगांवरील १९८९ च्या लेखात, ज्यांच्याशी खटपट करता येत नाही अशा खगोलीय वस्तूंबाबत आपण वास्तववादी नाही, असे त्यांनी मान्य केले. एवढी किंमत मोजायला फार थोडे तत्त्वज्ञ तयार झाले.

‘द टेमिंग ऑफ चान्स’ (१९९०) मध्ये एकोणिसाव्या शतकात छापील आकड्यांचा पूर कसा आला आणि आत्महत्या, गुन्हे यांची वार्षिक प्रमाणे ‘नियम’ म्हणून कशी वाचली जाऊ लागली, याचा इतिहास आहे. त्यामागे मिशेल फुको यांचा प्रभाव उघड दिसतो. मोजायचे तर वर्ग पाडावे लागतात, आणि त्या वर्गांत बसवलेली माणसे ते वर्ग ओळखू लागतात. ‘मेकिंग अप पीपल’ (१९८६) या निबंधात हा विचार आधीच आला होता. क्वार्कसारख्या मूलकणाला आपले नाव कळत नाही. रुग्णाला कळते, मग तो त्यानुसार वागू लागतो आणि अखेर व्याख्याच बदलावी लागते. या फेऱ्याला हॅकिंग ‘लूपिंग इफेक्ट’ म्हणत. ‘रीरायटिंग द सोल’ (१९९५) हा ग्रंथ बहुव्यक्तिमत्त्व विकारावर आहे. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारसूचीत दाखल झालेल्या या निदानाचे रुग्ण पाहता पाहता वाढले, आणि प्रत्येकातील व्यक्तिमत्त्वांची संख्याही वाढत गेली. ‘मॅड ट्रॅव्हलर्स’ (१९९८) चा नायक बोर्दोच्या गॅस कंपनीतला कामगार आल्बेर दादा. तो भानावर नसताना घर सोडून चालू लागे, आणि असा चालत तो मॉस्कोपर्यंत पोहोचला होता. १८८७ मध्ये त्याच्यावर वैद्यकीय प्रबंध लिहिला गेला, त्यानंतर फ्रान्समध्ये असे ‘वेडे प्रवासी’ बरेच आढळू लागले आणि वीसेक वर्षांत ते निदान ओसरले. पर्यटनाचे आकर्षण, भटक्यांविषयीची धास्ती आणि लष्करातून पळालेल्यांचा शोध अशा परिस्थितीत या आजाराला जागा मिळाली, असे हॅकिंग दाखवतात. मात्र त्या माणसाचे दुःख खोटे होते, असे ते कुठेही म्हणत नाहीत. ‘द सोशल कन्स्ट्रक्शन ऑफ व्हॉट?’ (१९९९) मध्ये, सगळे काही समाजाने रचलेले आहे म्हणणाऱ्यांना ते आधी विचारतात की रचले काय, वस्तू की तिची कल्पना?

निसर्गातील वर्ग आणि माणसांचे वर्ग यांच्यात त्यांनी ओढलेली रेघ फार उद्धृत होते. पुढे त्यांनी स्वतःच ती सोडून दिली. ‘नैसर्गिक वर्ग’ नावाचा नीट सांगता येईल असा काही गटच नाही, असे ते २००७ च्या सुमारास मांडू लागले. ही दुरुस्ती पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते.

कंपॅनियन ऑफ द ऑर्डर ऑफ कॅनडा (२००४), होल्बर्ग पारितोषिक (२००९) आणि बाल्झान पारितोषिक (२०१४) हे त्यांचे प्रमुख सन्मान. टॉमस कून यांच्या ‘द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रेव्होल्यूशन्स’च्या पन्नासाव्या वर्षीच्या आवृत्तीला (२०१२) त्यांनी प्रस्तावना लिहिली. ‘व्हाय इज देअर फिलॉसॉफी ऑफ मॅथेमॅटिक्स अॅट ऑल?’ (२०१४) या उत्तरायुष्यातील ग्रंथात ते पुन्हा गणिताकडे वळले. टोरांटो येथे त्यांचे निधन झाले.