बेनिदोर्म
बेनिदोर्म हे स्पेनच्या आलिकांते प्रांतातील भूमध्य समुद्रकाठचे शहर आहे. पर्जन्यमान कमी असल्याने येथील शेती बेताचीच होती. पुरुष ट्यूनाच्या मासेमारीवर वा व्यापारी जहाजांवर जात. महापौर पेद्रो सारागोसा यांच्या काळातील १९५६ च्या नगररचना आराखड्यानंतर लेवांते व पोनिएंते या पुळणींमागे उंच हॉटेले उभी राहिली. १९६७ साली आलिकांते विमानतळ सुरू झाल्यावर पर्यटकांचा, विशेषतः ब्रिटिशांचा, ओघ वाढला.

पाण्याची चणचण मात्र कायम राहिली. १९७८ च्या अवर्षणात जहाजांतून पाणी आणावे लागले. पुढे परिसरातील शेतकऱ्यांशी अदलाबदल ठरली: त्यांच्या वाट्याचे गोडे पाणी शहराला, शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी शेतीला. गगनचुंबी इमारतींवर कुरूपतेची टीका होते. तथापि बागा व जलतरण तलाव असलेल्या विखुरलेल्या बंगल्यांपेक्षा अशा दाट वस्तीला दरडोई पाणी कमी लागते.