दोन नाण्यांचा एक घास

साल 1840. मुंबईत आगगाडी धावायला अजून तेरा वर्षं आहेत. तुम्ही उभे आहात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, सुमिदा नदीवरच्या लाकडी ऱ्योगोकू पुलाच्या पूर्व टोकाला. उन्हाळ्यातली दमट रात्र. नदीत कंदील लावलेल्या होड्यांची इतकी दाटी की पाणी दिसत नाही. आभाळात दारूकाम फुटतं आणि पुलावरची गर्दी ओरडते, ‘तामाया!’ पुढचा बार उडाला की ‘कागिया!’ दारूकाम करणाऱ्या दोन घराण्यांची ही नावं. एदोचे लोक मल्लांना दाद देतात तशीच यांनाही देतात.

तुम्हाला भूक लागली आहे, आणि या शहरात भुकेल्या माणसाला फार चालावं लागत नाही. वस्ती दहा लाखांच्या घरात, त्यात पुरुषच जास्त. सुतार, गवंडी, हमाल, बायकामुलं गावी ठेवून आलेले नोकर, आपल्या सरदाराबरोबर वर्षाआड इथे येऊन राहणारे सामुराई. घरं लाकडाची आणि कागदाची, त्यामुळे आगीची धास्ती कायमची. घरी चूल पेटवण्यापेक्षा रस्त्यावर उभ्या उभ्या खाऊन मोकळं होणं बरं. म्हणून पुलाच्या तोंडाशी एकीला लागून एक गाड्या. कुठे बक्व्हीटच्या शेवया, कुठे तळणीतून निघणारा तेम्पुरा, कुठे भाजलेली ईल. तुम्ही थांबता ते कापडी पडदा सोडलेल्या, दिवा टांगलेल्या सुशीच्या गाडीपाशी.

इथे सुशीवाला बसलेला आणि गिऱ्हाईक उभं. उतरत्या फळीवर सुशी ओळीने मांडून ठेवलेली. तुम्ही बोटाने दाखवायचं, तो उचलून देणार. आजच्या जपानी रेस्टॉरंटात दोन बोटांत मावणारी सुशी तुमच्या डोळ्यांसमोर असेल तर ती विसरा. ही तिच्या दुप्पट-तिप्पट आहे, भाताचा गोळाच लाडवाएवढा. एका घासात ती जात नाही. दोन-तीन खाल्ल्या की पोटाला आधार होतो. पुढे हाच मोठा गोळा दोन भागांत कापून देऊ लागले आणि त्यातून सुशी जोडीने वाढायची पद्धत पडली, असं सांगतात.

भात पांढरा नाही, तांबूस आहे. हा रंग व्हिनेगरचा. साके ही तांदळाची दारू गाळल्यावर जो चोथा उरतो तो मुरवत ठेवून हे लाल व्हिनेगर करतात. ते येतं दूर ओवारी प्रांतातल्या हांदा बंदरातून, गलबतांत भरून. तिथल्या नाकानो माताझाएमोन नावाच्या साके गाळणाऱ्याने 1804 मध्ये हा धंदा सुरू केला. मिझकान या नावाने ती पेढी आजही चालते. चोथा फुकट जाणारा, म्हणून व्हिनेगर स्वस्त, आणि त्याला अंगची गोडी असल्याने साखरेची गरज नाही. गाडीवरच्या सुशीचा जम बसला त्यात या टाकाऊ चोथ्याचा वाटा मोठा आहे, असं मला ठामपणे वाटतं. कारागिराचं नाव लोकांच्या लक्षात राहतं, त्याला व्हिनेगर पुरवणाऱ्याचं राहत नाही.

आता मासा. समोर दिसतोय तो बहुतेक एदोच्या उपसागरातला, पण निव्वळ कच्चा असा जवळजवळ एकही नाही. बर्फ नाही, हवा अशी उकाड्याची. मासा टिकवायचा तर हातचं कसब हवं. तारलीच्या जातीतला लहानसा चंदेरी कोहादा आधी मिठात, मग व्हिनेगरमध्ये ठेवलेला. अनागो, आपल्या वामीचा भाऊबंद, मऊ शिजवून वर दाट गोडसर रस फासलेला. कोळंबी उकडलेली. शिंपल्यांचं मांस सोयात शिजवलेलं. अंड्याची जाड गुंडाळी. कोहाद्याच्या खाली, भाताच्या अंगाला, वसाबीचं हिरवं बोट.

तुम्ही कोहादा घेता. शेजारच्या सुताराचं बघून सोयाच्या सामाईक भांड्यात कड बुडवता आणि तोंडात टाकता. आधी मीठ लागतं, मग आंबट, मग भाताची मंद गोडी, आणि शेवटी वसाबी नाकात चढते. व्हिनेगरमध्ये मुरलेल्या आल्याचा तुकडा चघळला की जीभ धुतल्यासारखी होते. भात कोमट आहे आणि दाताखाली दाणा दाणा सुटतो. याला बोटंच हवीत, काड्यांनी हा गोळा उचलाल तर फुटेल.

किंमत आठ मोन. चार मोनची भोकाची दोन नाणी ठेवा आणि निघा. अंड्याची सुशी तेवढी सोळा मोनांची, म्हणजे एक वाटी शेवयांच्या भावाची. कितागावा मोरिसादा नावाच्या गृहस्थाने 1837 पासून शहरांच्या चालीरीती बारकाईने लिहून ठेवल्या. हे भाव त्याच्याच वहीतले आहेत.

एका कोपऱ्यात काळपट लाल तुकडे आहेत, सोयात बुडवून ठेवलेले. तो ट्यूना. मोठ्या प्रमाणात सापडतो, लवकर नासतो, म्हणून हलका मानलेला. चार प्रतिष्ठित लोकांसमोर कुणी तो मागत नाही. पोटाकडचा चरबीचा भाग तर टाकूनच देतात. आज त्याच भागासाठी माणसं खिसा रिकामा करतात. सॅमन शोधू नका, मिळणार नाही. कच्चा सॅमन सुशीवर आला तो 1980 च्या दशकात नॉर्वेच्या मासळी व्यापाऱ्यांनी जपानी बाजारात जोर लावल्यानंतर.

या गाडीपासून जवळच, एकोइन देवळाच्या बाजूला, हानाया योहेईचं दुकान आहे. हाताने दाबून केलेल्या या सुशीचं श्रेय बहुतेक त्यालाच देतात. त्याआधीची सुशी म्हणजे वाट पाहण्याचं काम. बिवा सरोवराकाठी मीठ लावलेला मासा भातात दाबून महिनोन्महिने आंबवायचे आणि खाताना भात काढून टाकायचे. ओसाकाकडे लाकडी पेटीत दाबून वड्या पाडायचे, तिलाही वेळ लागे. योहेईने 1820 च्या दशकात पेटी बाजूला सारली आणि मूठ वापरली. सुरुवातीला तो सुशी डब्यात भरून रात्री फिरून विकायचा, मग त्याने गाडी टाकली, मग दुकान थाटलं. एदोच्या माणसाला थांबायला वेळ नव्हता आणि योहेईने ते ओळखलं.

दोन वर्षं पुढे या. 1842. दरबारी मंत्री मिझुनो तादाकुनीने काटकसरीचे कडक हुकूम काढले आहेत. दागिने, रेशीम, नाटकं, सगळ्यांवर बडगा. महागडी सुशी विकल्याबद्दल दोनशेहून अधिक सुशीवाल्यांच्या हातांत बेड्या पडतात, त्यांत योहेईही आहे. ज्या हातांनी सुशी वळायची तेच हात बांधून टाकले. पुढच्याच वर्षी मिझुनोची सत्ता गेली. सुशी राहिली.

मधली वर्षं भरभर ओलांडा. बर्फ येतो, कच्चा मासा वाढतो, गोळा लहान होत जातो. 1 सप्टेंबर 1923, दुपारी बाराला दोन मिनिटं कमी. जमीन हलते, जेवणाच्या वेळेच्या चुली उलटतात आणि टोकियो पेटतं. निहोनबाशीचा तीनशे वर्षांचा मासळीबाजार जळून जातो आणि त्सुकिजीला हलतो. कामधंदा बुडालेले सुशीचे कारागीर आपापल्या गावी परततात आणि एदोची ही मूठ जपानभर पोहोचते.

पण मला तुम्हाला थांबवायचं आहे ते 1947 च्या उन्हाळ्यात. युद्ध हरलेलं, शहर बेचिराख, तांदूळ रेशनवर. सरकारने जुलैत खाणावळी बंद करायचा हुकूम काढला आहे. सुशीवाल्यांनी मग सरकारदरबारी खटपट करून एक वाट काढली. आम्ही जेवण विकत नाही, तुमचा तांदूळ घ्या, त्याची सुशी करून देतो, घडणावळ तेवढी घेतो. म्हणून आज तुमच्या हातात एक पुडी आहे. तिच्यात एक गो तांदूळ, म्हणजे जेमतेम दीडशे ग्रॅम. घरच्या डब्यातून तो मोजून घेताना कुणाच्या तरी ताटातला कमी झाला आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. दुकानदार दोन्ही हातांनी पुडी घेतो. थोड्या वेळाने लाकडी फळीवर दहा नग येतात, काही गोळे, काही गुंडाळ्या. मासा दुर्मीळ, त्यामुळे कुठे शिंपल्याचं मांस, कुठे नुसतं सुकवलेल्या भोपळ्याच्या पट्ट्यांचं सारण. तुम्ही सावकाश खाता. एक दाणाही सांडत नाही. एका माणसाचा वाटा म्हणजे साधारण दहा नग हा रिवाज याच पुडीतून पक्का झाला, आणि एदोची सुशी हीच देशाची सुशी ठरली, कारण परवानगी तिलाच मिळाली होती.

शेवटचा मुक्काम 1958, ओसाकाजवळचं फुसे. आजूबाजूला लहान कारखाने, जेवणाच्या सुट्टीत कामगारांची झुंबड. शिराइशी योशिआकी हा दुकानदार हाताखाली माणसं मिळत नाहीत म्हणून बेजार. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्याने तोच पट्टा सुशीच्या दुकानात आणला. वेग ठरवला सेकंदाला आठ सेंटिमीटर, कारण त्याहून जलद गेलं तर गिऱ्हाईक गडबडतं आणि हळू गेलं तर कंटाळतं. तुमच्यासमोरून बशी सरकते, तुम्ही उचलता, भाव आधीच ठाऊक. शेजारचा कामगार खाऊन उठलासुद्धा. काही लोक फिरत्या पट्ट्याला नाक मुरडतात. मला ते पटत नाही. योहेईच्या गाडीचा खरा वारस मला फुसेच्या या पट्ट्यातच दिसतो. कामकऱ्याला चटकन, परवडेल अशा भावात, पोटभर.

आता परत या. टोकियोत आजही गल्लीबोळांत लहान सुशीची दुकानं आहेत. एक लाकडी कट्टा, सात-आठ खुर्च्या, आत नवरा वळतो आणि बायको चहा देते. घरी मागवलं तर लाखेच्या मोठ्या परातीत सुशी येते आणि परात धुऊन दाराबाहेर ठेवायची असते. ही दुकानं झपाट्याने कमी होत आहेत. मालक म्हातारे झालेत, मुलं दुसऱ्या धंद्यात गेलीत, आणि भावाच्या स्पर्धेत मोठ्या साखळ्यांपुढे त्यांचा टिकाव लागत नाही. बातम्या होतात त्या महिनोन्महिने आधी नाव नोंदवावं लागणाऱ्या दुकानांच्या. ती उत्तम असतील, पण सुशीचा इतिहास तिथे घडला नाही.

तेव्हा कधी जपानला गेलात तर यादीतलं एक नामांकित दुकान खुशाल गाळा. स्टेशनामागच्या गल्लीत शिरा, पडदा बाजूला करा, दुपारचं साधं ताट मागा. सोया माशाला लावा, भाताला नको. आणि फोटो काढत बसू नका. समोर ठेवलेली सुशी तेव्हाच, हाताने खा.