घुमणाऱ्या दालनाचें गणित

विमानतळाच्या विशाल दालनांत आगीची सूचना दिली, आणि प्रवाशांस नुसता घुमणारा आवाजच ऐकूं आला, तर अनर्थ ओढवेल. गुळगुळीत फरशी व कांचेच्या भिंती ध्वनि परत फेकतात. एक शब्द विरण्यापूर्वींच दुसरा त्यावर येऊन पडतो. ध्वनिवर्धक मोठा केल्यानें हा दोष जात नाहीं.

या दोषाचें गणित मांडलें अमेरिकेंतील वॉलेस सेबाइन यांनीं. १८९५ सालीं हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयांतील नवें व्याख्यानगृह निरुपयोगी ठरलें. तेथें उच्चारलेला शब्द साडेपांच सेकंद रेंगाळे. तिशीच्या आंतल्या या पदार्थविज्ञानाच्या अध्यापकानें एका नाट्यगृहांतील आसनांच्या गाद्या तेथें आणविल्या, आणि रात्रीच्या नीरव वेळीं ऑर्गनच्या नळीचा सूर विरण्यास लागणारा काल मोजला. गाद्या वाढत, तसतसा काल घटे. दालनाचें घनफळ वाढलें कीं ध्वनि अधिक रेंगाळतो, शोषक पृष्ठें वाढलीं कीं लवकर विरतो, हा नियम १८९८ सालीं त्यांस गवसला. त्याच्या आधारें रचलेलें बॉस्टनचें सिंफनी हॉल १९०० सालीं खुलें झालें.

आज विमानतळांच्या छतांत सच्छिद्र तक्ते व त्यांमागें तंतुमय थर बसवितात, ते त्या गाद्यांचेच वंशज होत. शब्द कळावयाचा, तर आधीं भिंतींना मौन शिकवावें लागतें.