हास्य आणि निवड : इंग्रजी प्रणय-विनोदी कादंबरीविषयी

इंग्रजी प्रणय-विनोदी कादंबरीच्या आकर्षणाची मीमांसा केवळ रंजनाच्या अंगाने केली, तर तिच्यातील विनोदाचे कार्य दृष्टीआड होते. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) बेनेट कुटुंबाची मालमत्ता वारसाने कॉलिन्स या पुरुष नातलगाकडे जाणार आहे, मुलींसाठी विवाह हा उपजीविकेचा प्रश्न आहे. तरीही एलिझाबेथ कॉलिन्सचे हास्यास्पदत्व ओळखते आणि त्याची मागणी नाकारते. तिची मैत्रीण शार्लट मात्र तीच व्यक्ती पती म्हणून स्वीकारते. म्हणजे येथे हास्य हे विवेकाचे साधन आहे. पण त्यानुसार वागणे सर्वांना परवडणारे नाही, याचे भानही कादंबरी सुटू देत नाही.

१८८२च्या कायद्याने इंग्लंडमधील विवाहित स्त्रीला मालमत्तेचा स्वतंत्र हक्क मिळाला. पुढे स्टेला गिबन्सच्या ‘कोल्ड कम्फर्ट फार्म’मधील (१९३२) अनाथ फ्लोरा वर्षाला शंभर पौंडांच्या बळावर नातलगांचीच आयुष्ये मार्गी लावते, विवाह तिच्यासाठी अपरिहार्य आश्रय उरत नाही.

हेलन फील्डिंगच्या ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ची (१९९६) नायिका तर स्वतः मिळवती आहे, आणि नायकाचे आडनाव डार्सी ठेवून लेखिकेने ऑस्टिनशी असलेले नाते उघड केले आहे. मात्र ब्रिजेट रोजनिशीत वजन, मद्य आणि सिगारेटी यांचा हिशेब मांडते. हास्याचा रोख आता स्वतःकडे वळला आहे. ही पीछेहाट आहे, असा आक्षेप घेतला जातो. परंतु वाचक खरे तर हसतो तो ब्रिजेटला नव्हे, तर तिने आत्मसात केलेल्या मापदंडांना. आर्थिक सक्ती सैल झाल्यावरही उरलेली सक्ती दृश्यमान करणे, हेच या विनोदाचे टिकाऊ सामर्थ्य होय.